आरोग्याचा सल्ला छापताना तो कुणासाठी नाही तेही छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी केजला लेडीज टेलर आहे, २१ वर्षं झाली. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली, दोन शिलाई मशिनी, एक पिको-फॉलची, भिंतीला आरसा आणि आरशाखाली बाकडं. तुमचा पेपर रोज त्या बाकड्यावर असतो, हुक लावून होईपर्यंत बायका वाचत बसतात आणि आरोग्याचं पान तर आठवडाभर या हातातनं त्या हातात फिरतं. पेपरला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ, शुद्धलेखन चुकलं तर दुरुस्त करून घ्या पण पत्र छापा एवढी विनंती.

झालं असं की महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात सात-आठ जणी होत्या. एकीनं पेपर मोठ्यानं वाचला की सकाळी उठल्या उठल्या चार ग्लास पाणी प्या. दुसरीनं लगेच मोबाईल काढून रील दाखवली, त्यात एक डॉक्टरच सांगत होते की उपाशीपोटी एवढं पाणी पिऊ नका. तिसरी म्हणाली तूप बंद कर म्हणलेत मला, चौथी म्हणाली अगं आता तर तूपच खा म्हणतात, तेल वाईट. मग भात, मग पोळी, मग दूध, मग चहा. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या मावशी इतक्या कळवळून बोलल्या, "माय, मग खावं तरी काय माणसानं?" सगळ्या गप्प झाल्या. मलाही उत्तर देता आलं नाही आणि ते दिवसभर डोक्यातनं गेलं नाही.

आता पाण्याचंच घ्या. आमच्या मामंजींचं हार्ट वीक आहे, त्यांना डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटरच्या वर पाणी प्यायचं नाही असं सांगितलंय, पायावर सूज येते म्हणून. आणि माझा भाऊ मे महिन्यात सेंट्रिंगच्या कामावर असतो, ४२-४३ डिग्रीत दिवसभर स्लॅबवर, त्याला चार लिटरही कमी पडेल. दोघं एकाच घरात वाढलेली माणसं नाहीत पण एकच पान वाचतात ना! त्यात वय झालं की तहान लागणंच कमी होतं, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला तहान लागेल तेव्हा पी म्हणून चालत नाही, आठवणीनं द्यावं लागतं, आणि ज्यांचं पाणी मोजून ठेवलंय त्यांना आठवणीनं अडवावं लागतं. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या आमच्या मराठवाड्यात पाणी कसं प्यावं हे खरंतर लोकांना कळतं, पण चार ग्लास हा आकडा छापून आला की कळलेलं सुद्धा विसरायला होतं.

काही वर्षांपूर्वी जेवणावरून असंच दोन पार्ट्या झाल्या होत्या सगळ्या महाराष्ट्रात, तुम्हाला आठवत असेल. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगायचे दिवसातनं दोनदाच जेवा, कडकडून भूक लागेल तेव्हा, आणि ५५ मिनिटांत उरका. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगायच्या थोडं थोडं पण दर दोन तासाला खा. माझ्या दुकानात दोन्हीकडच्या बायका होत्या आणि दोन्हीकडे फरक पडलेल्या बायका होत्या, हे मी माझ्या टेपनं मोजलंय म्हणून सांगते. एकीची कंबर दोन वेळच्या जेवणानं उतरली, तिचं बैठं काम, दिवसभर तोंड चालू असायचं ते बंद झालं. दुसरीला पित्ताचा त्रास, उपाशी राहिलं की डोकं धरायचं, ती थोडं थोडं खाऊन खुश. मला यात नवल वाटत नाही. एका मापाचा ब्लाऊज मी दोन बहिणींना सुद्धा देत नाही, जुळ्या असल्या तरी एकीचा खांदा उतरता असतो. मग जेवणाचं एकच माप सगळ्या महाराष्ट्राला कसं बसंल?

भाकरीचं पण तसंच. आमच्या आईच्या पिढीनं शाळूची भाकर आणि वरण, ठेचा, माळवं यावर जन्म काढला, मग आम्ही पोळी म्हणजे मोठेपणा समजून भाकर सोडली, आणि २०२३ हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं तेव्हापासून शहरातले लोक ज्वारी शोधायला लागले. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं परभणी शक्ती नावाचं लोह आणि जस्त जास्त असलेलं ज्वारीचं वाण काढलंय हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. पण तेवढ्यावरनं भाकरीनं शुगर वाढतच नाही असं जे पसरलंय ते बरोबर नाही. भाकर पण पिष्टच आहे, तीन भाकरी चुरून खाल्ल्या की शुगर वाढणारच. मला रात्री भाकर हलकी पडते, माझ्या जावेला भाकरीनं पोट फुगतं, ती रात्री मुगाची खिचडी खाते आणि शांत झोपते. तिला मी भाकरच खा म्हणून कशाला मागं लागू?

मला जे खरं सांगायचंय ते याच्या पुढं आहे. अंग बोलत असतं आणि आपण ते ऐकत नाही, किंवा ऐकतो पण भलताच अर्थ लावतो, आणि मधे कुणाचातरी सल्ला येऊन बसलेला असतो.

आमच्या ह्यांनी मागं दुधीचा रस सुरू केला होता, कुणीतरी व्हॉट्सअपवर पाठवलं होतं की बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल सगळ्यावर दुधीचा रस. आठ-दहा दिवस काही झालं नाही. एके सकाळी पहिल्या घोटालाच तोंड वाकडं केलं, म्हणाले आज कडूजहर लागतोय. मी स्वतः म्हणाले औषधच आहे, नाक धरून प्या. साहेब, हे वाक्य मी अजून विसरले नाही. अर्ध्या तासात पोटात कळा, उलट्या, जुलाब, बीपी खाली, दोन दिवस सलाईनवर. दुधीत, काकडीत कधीकधी एक विषारी द्रव्य तयार होतं आणि त्याची खूण म्हणजे कडूपणा, त्यावर वेगळं उताराचं औषध नाही, नुसता आधार द्यावा लागतो. आपल्या देशात यानं माणसं दगावल्यावर आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनं तज्ज्ञांची समिती नेमली होती आणि त्यांनी स्पष्ट सांगितलंय की रस कडू लागला तर अजिबात पिऊ नका. म्हणजे शेवटी काय तर जिभेचं ऐका. आमच्या आत्याबाई दुधी चिरायच्या आधी देठाकडची एक चकती चाखून बघायच्या, कडू निघाला तर सगळा टाकून द्यायच्या, चार आण्याला जीव टाकणाऱ्या बाई पण कडू दुधीच्या बाबतीत एक शब्द ऐकायच्या नाहीत. ते मी रोज बघितलं होतं. आणि मोबाईलवर कुठंही लिहिलेलं नव्हतं की आधी चाखून बघा.

दुसरं सांगते ते माझ्या अक्काचं. ती कळंबकडं दिलीय. तुळजाभवानीचं नवरात्र ती लग्नाच्या आधीपासून करते, नऊ दिवस उपवास, घट उठल्यावरच जेवण. शुगर होऊन बारा वर्षं झालीत. गोळ्या चालू, उपवासही चालू, कारण तिचं म्हणणं डॉक्टरांनी गोळी चुकवू नको म्हणलंय आणि देवीचं मी चुकवू शकत नाही, म्हणजे तिनं दोघांचंही मानलं. तीन वर्षांपूर्वी सातव्या माळेला मी तिच्याकडे होते. सकाळी तिनं गोळी घेतली, चहा आणि एक केळ, बस. दुपारी बायका आरतीच्या तयारीला जमल्या होत्या. चारच्या सुमाराला अक्का घटापुढं बसली होती ती एकदम घामानं भिजली, म्हणजे पाठीवरचा ब्लाऊज चिकटला इतकी. हात थरथर कापायले, नजर एका जागी थिजली, मी हाक मारली तर भलतंच काहीतरी बोलली, माझ्याकडं बघून "तू कोण" म्हणाली. एकीनं हात जोडले, "देवी अंगात आली." मग काय, कुणी मळवट भरला, कुणी पायावर पाणी घातलं, कुणी प्रश्न विचारायला पुढं सरकलं, आई माझ्या पोराला नोकरी कधी लागंल. मी पण हात जोडून उभी होते, खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटलं.

अक्काची नात नर्सिंगला आहे, ती सुट्टीला आलेली होती. ती बाहेरनं आली, आजीच्या कपाळाला हात लावला आणि काही न बोलता आत जाऊन शुगरची मशीन घेऊन आली. ४८. ती ओरडली, "आज्जी लो झालीय, साखर आणा!" तीन चमचे साखर अर्ध्या ग्लासात, आजी गिळतीय का ते आधी एक घोट देऊन बघितलं आणि मग हळूहळू पाजलं. पंधरा मिनिटांनी परत मोजलं, ७६, मग साबुदाण्याची खिचडी घरात होतीच ती खायला लावली. अक्का भानावर आली आणि पहिलं काय विचारलं, आरती झाली का.

मी देवीला मानते आणि नवरात्र मी पण करते. कुणाच्या श्रद्धेवर मला काही बोलायचं नाही. पण त्या पोरीनं नंतर जे समजावून सांगितलं ते मला तुमच्या पेपरात बघायचंय म्हणून लिहिते. शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की पोटात अन्न असो नसो त्या साखर खाली आणतातच, ग्लिमेपिराइड हे नाव आता आमच्या सगळ्या घराला पाठ झालंय, इन्सुलिनचं पण तसंच. नुसती मेटफॉर्मिन असेल तर सहसा असं होत नाही. साखर ७० च्या खाली गेली की अंग ओरडून सांगतं, घाम, थरथर, धडधड, भयंकर भूक, चिडचिड, आणि अजून खाली गेली की मेंदूला कमी पडतं, मग माणूस बरळतो, भांडतो, बेशुद्ध पडतो. बेशुद्ध असला तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन. आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली, शुगर जुनी झाली आणि वारंवार लो व्हायला लागली की अंगाचं हे ओरडणं हळूहळू बंद होतं. बीपीच्या किंवा हार्टच्या काही गोळ्यांनी थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम तेवढा येतो. म्हणजे ज्या अंगाचं ऐका असं सगळे म्हणतात त्याचा आवाजच बसलेला असतो कधीकधी, तिथं मशीननं मोजावंच लागतं.

आता अक्का नवरात्राच्या आधी डॉक्टरांकडं जाते, त्यांना स्वच्छ सांगते मी नऊ दिवस काय खाणार आणि किती वाजता खाणार, ते गोळी बदलून देतात, आणि ती मशीन देवघराशेजारी ठेवते. उपवास मोडला नाही तिचा. इतकी वर्षं तिनं डॉक्टरांना उपवासाचं सांगितलंच नव्हतं कारण रागावतील, आणि डॉक्टरांनी विचारलं नव्हतं कारण बाहेर साठ पेशंट.

माझी स्वतःची गोष्ट उलटी आहे. मला ४७ व्या वर्षी बीपी निघालं. गोळी सुरू झाली आणि दोन महिन्यांत संध्याकाळी घोट्याला सूज यायला लागली, मशिनीचा पायटा दाबून दाबून आली असेल असं आधी वाटलं, मग चपलेचा पट्टा रुतायला लागला. त्याच दिवसांत एक रील बघितली, शरीराचं ऐका, शरीर सांगतंय की गोळ्या नकोत. मला ते पटलं कारण सूज तर खरीच होती ना. मी गोळी सोडली, सूज गेली, डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, मी म्हणलं बघा अंगानंच सांगितलं. चार महिन्यांनी आशाताईंनी गल्लीत तपासणी ठेवली तेव्हा बसल्या बसल्या १७६/१०४ निघालं. मला काहीही होत नव्हतं! मी तेव्हा चहा पीत हसत बसले होते.

डॉक्टरांकडं गेले तेव्हा ते रागावले पण एक चांगलं बोलले. म्हणाले ताई सूज त्या गोळीचीच होती, ॲम्लोडिपिननं येते काही जणांना, तुमचं अंग खरंच सांगत होतं, तुम्ही ते मला येऊन सांगायला पाहिजे होतं, गोळी बदलून दिली असती. बीपी मात्र सांगत नाही म्हणाले, ते मुकं असतं, डोकं दुखेपर्यंत थांबाल तर कदाचित एकदम लकवाच मारेल. तेव्हापासून माझ्या मनात याच्या दोन बाजू पक्क्या झाल्यात. भूक, झोप, थकवा, दुखणं, सूज, जीव घाबरणं हे अंग बोलतं आणि ते खोटं नसतं. बीपी, सुरुवातीची शुगर, किडनी हे बोलत नाही. तिथं मला काही होत नाही या म्हणण्याला काडीची किंमत नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर ते चार महिने गेले नसते.

आणि बोलतं तिथं पण आपण नाव भलतंच देतो. आमच्या गल्लीतले एक भाऊ छातीत जळजळतंय, डावा खांदा भरून आलाय म्हणून रात्रभर सोडा पीत राहिले, गॅस झालाय गॅस झालाय, सकाळी ईसीजीत अटॅक निघाला. वाचले, पण हार्टचं नुकसान झालं. बायकांना आणि शुगरवाल्यांना तर छातीत दुखतच असं नाही, नुसता दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं, कमालीचा थकवा येतो, आणि बाईचा थकवा घरात कोण मोजतंय?

इथं मला माझ्या वहीबद्दल लिहायचंय. माझ्याकडं मापाची वही असते, गिऱ्हाईकाचं नाव, तारीख, उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही, गळा. जुन्या वह्या मी टाकत नाही. दोन वर्षांपूर्वी एक शिक्षिका माझ्याकडं दिवाळीचे ब्लाऊज शिवून गेली, कंबर ३६. संक्रांतीला तेच ब्लाऊज आत घ्यायला आली, ३४. उन्हाळ्यात लग्नाचं शिवायला आली, मी टेप लावली तर ३२ ला पण ढिली, खांद्याची हाडं हाताला लागायली. बाकड्यावरच्या सगळ्या तिचं कौतुक करायल्या, काय केलंस गं, आम्हाला पण सांग, कोणता डाएट. ती पण हसली, म्हणाली काहीच नाही केलं, उलट भूक वाढलीय, चार घास जास्तच खाते. मी वही उघडली आणि तिला तिन्ही मापं तारखेसकट दाखवली. काहीच न करता सात महिन्यांत चार इंच. विचारलं पाणी किती पितेस, म्हणाली उन्हाळा आहे ना, रात्री दोनदा-तीनदा उठते. मी सगळ्यांसमोर काही बोलले नाही, जाताना दारात तिचा हात धरून सांगितलं की उद्याच्या उद्या शुगर तपास. उपाशीपोटी २८० निघाली, नॉर्मल म्हणजे शंभरच्या आत पाहिजे. तिचं अंग सात महिने बोलत होतं आणि आम्ही सगळ्याजणी टाळ्या वाजवत होतो. वजन आपोआप उतरणं म्हणजे शुगर असू शकते, थायरॉइड असू शकतो, दोन आठवड्यांच्या वर खोकला आणि संध्याकाळचा बारीक ताप असेल तर टीबी असू शकतो, त्याची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे.

तेव्हापासून मी वहीत शेवटची पानं माझ्यासाठी ठेवलीत. रोज लिहीत नाही, वेगळं काही वाटलं तर लिहिते. अमुक तारखेला रात्री दोनला अंगातनं वाफा निघाल्या, उठून बसले. अमुक दिवशी जिना चढताना दम लागला, आधी लागत नव्हता. पाळी कधी आली, किती दिवस, मधे किती गॅप. दर पंधरा दिवसांनी बीपी आणि कंबर. डॉक्टरांकडं दोनच मिनिटं मिळतात, तिथं गेल्यावर निम्मं विसरतं, आता मी वही पुढं करते आणि ते खरंच वाचतात. कंबरेचं माप मी आता गिऱ्हाईकांना पण सांगते, साडी नेसतो तिथलं नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या मधोमध. आपल्याकडच्या बाईसाठी ८० सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेएकतीस इंच आणि पुरुषासाठी ९० म्हणजे साडेपस्तीस, त्याच्या वर गेलं की शुगर-बीपी तपासत राहायचं.

एवढं सगळं लिहून झाल्यावर मला ज्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त वाईट वाटतं त्यांच्याबद्दल लिहिते. दसऱ्याच्या आसपास ऊसतोडीला जाणाऱ्या बायका माझ्याकडं येतात, सहा महिने पुरतील असे जाड कापडाचे, मोठ्या बाहीचे ब्लाऊज शिवून घेतात, पात लागू नये म्हणून. गेल्या वर्षी एक आली, बत्तीस वर्षांची. मुंढ्याचं माप घ्यायला हात वर कर म्हणलं तर तिला हात वर होईना. म्हणाली, "ताई, पिशवी काढल्यापासनं हाडं ठणकत्यात, अंगातनं आग निघती." गर्भाची पिशवी का काढली विचारलं तर अंगावरनं पांढरं जायचं, पोट दुखायचं, एका दवाखान्यात सांगितलं पिशवी खराब झालीय, नाही काढली तर कॅन्सर होईल. दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं का? नाही. सोनोग्राफीचा कागद? माहीत नाही. सोबत अंडाशय पण काढलंय का हे तिला कुणी सांगितलेलंच नाही, ते काढलं असलं तर पाळी जायचं सगळं वय एका दिवसात येतं, हाडं ठिसूळ होतात. मी तिला म्हणलं दुखतंय तर चार दिवस पडून राहायचं होतंस. ती म्हणाली, "अंग काय म्हणतंय ते ऐकून करायचं काय ताई? झोपलं की खाडा."

खाडा म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, कामावर गेलं नाही की मजुरी तर बुडतेच वर दंड लागतो, उचल घेतलेली असते त्यातनं कापतात, आणि कोयता जोडप्याचा असतो म्हणून बाई झोपली की नवऱ्याचं पण काम अडतं. २०१९ ला आपल्या बीड जिल्ह्यातल्या या पिशवी काढण्याचा विषय राज्यभर गाजला, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या सर्व्हेत १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. तेरा हजार! केज तालुक्यातल्या कितीतरी गावांत मिळून तेवढ्या बायका नसतील. यातल्या पांढरं जाण्याच्या तक्रारी बऱ्याच वेळा साध्या गोळ्यांनी, स्वच्छ पाण्यानं, पाळीत चार कोरडे कपडे आणि आडोसा मिळाला तर बऱ्या होणाऱ्या असतात. आयुर्वेदात म्हणतात तेरा वेग अडवू नयेत, लघवी, संडास, भूक, तहान, झोप, दमल्यावरचा श्वास सुद्धा त्यात आहे. फडातली बाई यातले किती वेग रोज अडवते मोजा. आणि फडच कशाला, बाजाराच्या दिवशी खेड्यावरनं येणाऱ्या बायका सकाळपासनं पाणी पीत नाहीत कारण जायला जागा नाही, माझ्या दुकानात येऊन हळू आवाजात विचारतात ताई आत जाऊ का. त्यांना चार ग्लास पाणी प्या हे वाचून दाखवायची मला लाज वाटते.

तर साहेब, माझी मागणी एवढीच आहे. आरोग्याचं पान बंद करू नका, लोक ते मनापासून वाचतात, मी पण वाचते. पण प्रत्येक सल्ल्याच्या खाली एक ओळ टाका, हे कुणी करू नये. उपवासाचं लिहिलं तर खाली लिहा की इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असणाऱ्यांनी, गरोदर बाईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. पाण्याचं लिहिलं तर हार्ट आणि किडनीवाल्यांचं लिहा. मीठ कमी करा लिहिलं की लोक पांढरं मीठ सोडून सैंधव ढिगानं खातात, तेही मीठच आहे आणि दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत पाहिजे हे लिहा. बीपीच्या रोग्यांसाठी बाजारात जे पोटॅशियमचं मीठ मिळतं ते किडनीच्या पेशंटला धोक्याचं आहे, हे तर मोठ्या अक्षरात लिहा. पाळी जाऊन वर्ष झालं आणि नंतर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी उष्णता म्हणून सोडू नका, लगेच दाखवा, हे एकदा तरी पहिल्या पानावर छापा, कारण हे बायका मला ट्रायलच्या पडद्याआड सांगतात आणि घरी सांगत नाहीत. पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांना, जमलं तर सरकारी दवाखान्यात दाखवल्याशिवाय सही करू नका हे दसऱ्याच्या आधी छापा, कारण दसऱ्यानंतर त्या बायका इथं नसतात आणि फडात पेपर जात नाही.

घटस्थापना आता तोंडावर आलीय. निदान शुगरवाल्यांच्या उपवासाची चौकट तरी त्याच्या आधीच्या रविवारी येऊ द्या, लो झाल्याची लक्षणं आणि तीन चमचे साखर एवढं मोठ्या टाइपात. कात्रण मी आरशाच्या शेजारी लावणार आहे, खिळा आताच मारून ठेवलाय, आणि चार जादा अंक लागतील, एक अक्काकडं कळंबला पाठवायचाय.

आपली नम्र,
एक वाचक, लेडीज टेलर
केज, जि. बीड